बांधीतला खेकडा आणि पडद्यावरचा खेकडा

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात अड्याळ हे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी या भागात ठिकठिकाणी तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर येथील धान पिढ्यानपिढ्या पिकत आला. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की शेतकरी पऱ्हे टाकतो. पुढे बांध्यांत पाणी साचले की रोवणीला आरंभ होतो. चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडविलेला शेताचा तुकडा म्हणजे बांधी. रोवणीच्या या दिवसांत धुऱ्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ, वाटोळी भोके दिसू लागतात. भोकाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्यांचा लहानसा ढीग असतो. आत कोणी तरी राहत आहे, याची ती खूण होय. हा रहिवासी म्हणजे खेकडा.

खेकडा हा सर्वांच्या ओळखीचा प्राणी आहे. कोकणात त्याला कुर्ली किंवा चिंबोरी म्हणतात, सह्याद्रीच्या परिसरात किरवी म्हणतात. आकाशातील एका राशीलाही त्याचेच नाव मिळाले आहे, ती कर्क रास. असे असले तरी पृथ्वीवर त्याचा फारसा मान राखला जात नाही. वाकडे चालणाऱ्याला आणि दुसऱ्याचे पाय ओढणाऱ्याला लोक खेकड्याची उपमा देतात. शेतकरी त्याच्यावर रागावतो आणि मुले त्याला काडीने डिवचतात. परंतु याच उपेक्षित प्राण्याचे एक रूप आज जगातील कोट्यवधी मुलांच्या आवडीचे झाले आहे. ते रूप चिखलात राहत नाही, पडद्यावर राहते.

जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ या दिवशी ‘पोकेमॉन’ नावाचा एक व्हिडिओ गेम विक्रीस आला. ‘गेम बॉय’ नावाच्या, हातात धरण्याजोग्या लहानशा यंत्रावर तो खेळत असत. पोकेमॉन म्हणजे काल्पनिक प्राणी. खेळणाऱ्याने रानावनातून व पाण्यातून फिरावे, निरनिराळे प्राणी पकडावेत, त्यांना तयार करावे आणि त्यांची माहिती एका कोशात नोंदवीत जावे, असे या खेळाचे स्वरूप आहे. पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते. त्यांतील ९८ व्या क्रमांकाचा प्राणी हुबेहूब खेकड्यासारखा आहे. त्याचे नाव क्रॅबी. इंग्रजीत खेकड्याला ‘क्रॅब’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पाठ तांबडी, पोट फिकट, दोन मोठ्या नांग्या, उंची ४० सेंटिमीटर आणि वजन साडेसहा किलो, असे त्याचे वर्णन कोशात आहे. खेळात २८ व्या पायरीपर्यंत चढलेला क्रॅबी एकाएकी पालटतो आणि ९९ व्या क्रमांकाचा किंगलर होतो. किंगलर १ मीटर ३० सेंटिमीटर उंच आणि ६० किलो वजनाचा असतो. त्याची एक नांगी तर त्याच्या धडाहूनही मोठी दिसते.

हा खेळ ज्याच्या कल्पनेतून निघाला, त्याचे नाव सातोशी ताजिरी. त्याचा जन्म १९६५ साली झाला. त्याचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा या गावी गेले. त्या काळी तेथे भाताची शेते, तळी आणि झाडी होती. ताजिरीला किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. कोणता किडा कोठे सापडतो, तो केव्हा बाहेर येतो, दगडाखाली कोण दडते, हे तो बारकाईने पाहत असे. त्याचे सोबती त्याला थट्टेने ‘किड्यांचा डॉक्टर’ म्हणत. पुढे टोकियो शहर पसरत गेले. माचिद्याची शेते घरांखाली गेली, तळी बुजली आणि मासे धरण्याच्या जागी यंत्रांवरचे खेळ खेळण्याची दुकाने उभी राहिली. किडे दिसेनासे झाले. मोठेपणी ताजिरीने जो खेळ रचला, तो या हरवलेल्या आनंदातून रचला. आपण लहानपणी काठाकाठाने हिंडून जे अनुभवले, ते शहरातल्या मुलांना निदान पडद्यावर तरी अनुभवता यावे, अशी त्याची इच्छा होती. दोन गेम बॉय यंत्रे तारेने जोडता येत. ती तार पाहून त्याला वाटले की या तारेवरून एखादा किडा सरपटत पलीकडे जाईल. मुलांनी आपापसांत प्राण्यांची देवघेव करावी, ही या खेळातील युक्ती त्या कल्पनेतून आली. खेळ पुरा व्हायला सुमारे सहा वर्षे लागली.

म्हणजे पडद्यावरच्या खेकड्याचे मूळ भाताच्या शेताशी आणि तळ्याच्या काठाशी जाऊन पोहोचते. अड्याळच्या परिसरात तर भाताची शेतेही आहेत आणि तळीही आहेत. तेव्हा बांधीतल्या खेकड्याशेजारी क्रॅबीला उभे करून पाहिले, तर त्याच्यातील खरे किती आणि कल्पित किती, हे सहज उमगेल.

क्रॅबीविषयी कोशात सांगितले आहे की, संकट जवळ आले म्हणजे तो तोंडातून बुडबुडे काढून अंग झाकून घेतो आणि त्यामुळे मोठा दिसतो. बुडबुड्यांची ही गोष्ट मनची नाही. पाण्याबाहेर राहिलेला खेकडा खरोखरच तोंडाशी फेस काढतो. मात्र त्याचे कारण निराळे आहे. खेकडा माशाप्रमाणे कल्ल्यांनी श्वास घेतो. हे कल्ले पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत असतात. ते ओले असतील तोवरच त्यांना हवेतील प्राणवायू घेता येतो. म्हणून खेकडा जमिनीवर येताना त्या पोकळ्यांत थोडे पाणी बरोबर आणतो. तोंडाजवळची एक झडप हे पाणी सतत हलवीत असते. पाणी बाहेर येताना हवेशी मिसळते, त्याचा फेस होतो आणि त्यातील काही पाणी पुन्हा आत जाते. गोड्या पाण्यातील पुष्कळ खेकड्यांत या पोकळीचे वरचे अस्तर फुप्फुसासारखेही काम करते. त्यामुळे ते पाण्यात आणि जमिनीवर, अशा दोन्ही ठिकाणी वावरू शकतात. पडद्यावर जे शत्रूला भिवविण्याचे साधन आहे, ते प्रत्यक्षात श्वास टिकविण्याचे साधन आहे.

क्रॅबी आडवा चालतो, आणि बांधीतला खेकडाही आडवाच चालतो. खेकड्याला एकंदर दहा पाय असतात, म्हणून शास्त्रज्ञ त्याला दशपाद प्राण्यांत घालतात. त्यांतील पुढचे दोन पाय म्हणजे नांग्या. उरलेले आठ पाय रुंद धडाच्या दोन्ही बाजूंना दाटीने बसविलेले असतात आणि त्यांचे मुख्य सांधे बाजूच्या दिशेने वाकतात. अशा पायांनी पुढे धावू गेल्यास एक पाय दुसऱ्यात अडकेल. बाजूला धावण्यात मात्र कसलीच अडचण येत नाही. जी चाल माणसाला वाकडी वाटते, ती खेकड्याच्या दृष्टीने सर्वांत सरळ चाल असते.

आता नांग्यांकडे वळू. खऱ्या खेकड्याच्या दोन नांग्या पुष्कळदा सारख्या नसतात. एक थोडी मोठी व जाड असते, ती गोगलगायीचे कवच फोडण्यास उपयोगी पडते. दुसरी बारीक असते, ती अन्नाचे तुकडे करून तोंडाकडे नेते. किंगलरची अवाढव्य नांगी हे या फरकाचेच वाढविलेले चित्र आहे. परंतु सृष्टीने या चित्रावरही ताण केली आहे. कोकणच्या खाड्यांच्या चिखलात एक लहानसा खेकडा राहतो. त्याच्या नराची एक नांगी इतकी मोठी असते की, तिचे वजन सबंध शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत भरते. ओहोटीच्या वेळी हे नर आपापल्या बिळापाशी उभे राहून ती नांगी वर-खाली हालवितात. मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला दूर राहण्याची सूचना देणे, अशी दोन्ही कामे या हालचालीने साधतात. किंगलरही नांगी हालवून दुसऱ्यांशी बोलतो, असे खेळाच्या कोशात म्हटले आहे.

किंगलरच्या नांगीत १०,००० अश्वशक्ती इतके बळ आहे, असेही तो कोश सांगतो. शेतावरील विहिरीचा पंप बहुधा ५ अश्वशक्तीचा असतो. तेव्हा एका नांगीत २,००० पंपांचे बळ झाले! ही अर्थातच कल्पनेची भरारी आहे. शिवाय अश्वशक्ती हे काम किती झपाट्याने होते याचे माप आहे, पकड किती घट्ट आहे याचे नव्हे. खऱ्या पकडीचे मापन मात्र झालेले आहे. भारताच्या अंदमान व निकोबार बेटांवर आणि जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर ‘नारळी खेकडा’ नावाचा एक जमिनीवर राहणारा प्राणी आहे. तो नारळाचे टणक कवच फोडून आतील खोबरे खातो. जपानी शास्त्रज्ञांनी ओकिनावा येथे या प्राण्याच्या पकडीचे मापन करून २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ४ किलो वजनाच्या मोठ्या नारळी खेकड्याची पकड सुमारे ३,३०० न्यूटन भरते, म्हणजे सव्वातीनशे किलोंहून अधिक वजनाच्या भाराइतकी. चार किलोंच्या प्राण्यात एवढे बळ असावे, हे कोणत्याही कल्पित कथेहून कमी नवलाचे नाही.

लढाईत क्रॅबीची नांगी तुटली तर ती लवकरच पुन्हा उगवते, असे खेळात आहे. बांधीतल्या खेकड्यालाही हे साधते, पण इतक्या झटपट नव्हे. शत्रूने पाय किंवा नांगी घट्ट पकडली, तर खेकडा ती स्वतःच मुळापाशी तोडून टाकतो आणि पळ काढतो. तुटण्याची ही जागा आधीपासून ठरलेली असते. तेथे एक पातळ पडदा असतो, त्यामुळे जखम लगेच बंद होते आणि रक्त वाहून जात नाही. त्या जागी पुढे एक लहानसा कोंब येतो. त्या कोंबाची नवी नांगी होते, परंतु त्यासाठी खेकड्याला कात टाकावी लागते. पहिल्या वेळी ती आखूड असते. पूर्ववत व्हायला अनेकदा दोन-तीन वेळा कात टाकावी लागते. एक नांगी मोठी आणि एक अगदीच चिमुकली असा खेकडा कोठे दिसला, तर तो केव्हा तरी मोठ्या संकटातून वाचला आहे असे समजण्यास हरकत नाही.

कात टाकणे ही खेकड्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घटना होय. पडद्यावरचा खेकडा आणि बांधीतला खेकडा यांतील खरा भेदही येथेच आहे. माणसाचे हाड शरीराच्या आत असते. शरीर वाढते तसे तेही वाढते. खेकड्याचा सांगाडा शरीराच्या बाहेर, कवचाच्या रूपाने असतो, आणि टणक झालेले कवच वाढत नाही. लहानपणी शिवलेला अंगरखा मोठ्या मुलाला जसा होत नाही, तसेच खेकड्याचे होते. मग वाढावे तरी कसे? यावर एकच उपाय असतो, जुना अंगरखा टाकून देणे.

त्याची तयारी फार आधीपासून होते. जुन्या कवचाच्या आत नवे मऊ कवच तयार होऊ लागते. जुन्या कवचातील काही चुना रक्तात परत घेतला जातो. मग खेकडा बिळात किंवा दगडाखाली दडून राहतो. तो पाणी शोषून अंग फुगवितो, तेव्हा कवच मागच्या बाजूने उकलते. त्या फटीतून खेकडा मागे सरकत सरकत बाहेर निघतो. प्रत्येक पाय, प्रत्येक नांगी, डोळ्यांचे दांडेसुद्धा जुन्या आवरणातून ओढून काढावे लागतात. बाहेर आलेला खेकडा लोण्यासारखा मऊ असतो. त्याला नांगी उगारता येत नाही, भराभर पळता येत नाही आणि कोणाचाही तो सहज घास होऊ शकतो. याच वेळात त्याचे अंग फुगून मोठे होते आणि मग हळूहळू नवे कवच टणक होते. पुष्कळदा तो टाकलेली कातच खातो, कारण नव्या कवचाला लागणारा चुना तिच्यात असतो. लहान खेकडे वारंवार कात टाकतात. मोठ्यांना ती क्वचित टाकावी लागते.

खेळातील क्रॅबी लढाया जिंकून २८ व्या पायरीवर चढतो आणि क्षणार्धात किंगलर होतो. खरा खेकडा लढाई जिंकून वाढत नाही. ज्या काळात तो सर्वांत दुबळा असतो, लपून आणि निमूट राहतो, त्याच काळात त्याची वाढ होते. त्याच्या कवचामुळे त्याचे रक्षण होते हे खरे, पण ते कवच टाकण्याचे धैर्य त्याने दाखविले नाही, तर तो जन्मभर लहानच राहील.

खेकड्याची आणखी एक गोष्ट पहिल्या खेळाच्या कोशात मुळीच नाही. ती म्हणजे त्याच्या मादीचे अपत्यपालन. खेकड्याला उताणा केला म्हणजे त्याच्या पोटावर एक दुमडलेली पट्टी दिसते. नरात ती निमुळती असते, मादीत ती रुंद, झाकणासारखी असते. या झाकणाखाली मादी आपली अंडी सांभाळते. समुद्रातील खेकड्याची मादी एका वेळी लाखांनी अंडी घालते. त्यांतून निघालेली पिले खेकड्यासारखी दिसतही नाहीत. त्यांना डिंभ म्हणतात. ती पाण्याबरोबर तरंगत जातात आणि त्यांतील बहुतेक माशांच्या पोटात जातात. गोड्या पाण्यातील खेकड्याची रीत याच्या उलट आहे. त्याची अंडी थोडी, फार तर काही शेकडे, परंतु आकाराने मोठी असतात. अंड्यातून डिंभ निघत नाही, इवलासा पण पुरा खेकडाच बाहेर येतो. ही पिले काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. पुरेशी बळकट झाली म्हणजे ती आईला सोडून पाण्यात उतरतात. मादीचे पोट फुगीर दिसले आणि झाकणाच्या कडेतून बारीक पाय हालताना दिसले, तर एका खेकड्याच्या हाती सबंध कुटुंबाचे आयुष्य आहे हे ध्यानात घ्यावे. अशी मादी धरली गेली तर तिला परत सोडावे, हे शहाणपणाचे आहे. पुढील वर्षी बांधीत खेकडे असावेत अशी ज्याची इच्छा असेल, त्याने तर हे अवश्य करावे.

पाऊस संपतो, धानाची कापणी होते आणि बांध्या कोरड्या पडतात. उन्हाळ्यात झाडीपट्टीतील जमीन तापून भेगाळते. मग पाण्यावाचून न राहणारा खेकडा जातो कोठे? तो आपले बीळ खाली खाली खणत जातो आणि जेथे ओल लागते तेथे स्वस्थ पडून राहतो. या काळात तो हालचाल अगदी कमी करतो, खाणे बहुतेक सोडतो आणि कल्ले ओले ठेवून पावसाची वाट पाहतो. पहिला जोरदार पाऊस पडला म्हणजे तो वर येतो.

या बिळांमुळेच त्याचे आणि शेतकऱ्याचे वैर जडले आहे. धुऱ्याला आरपार भोक पडले तर बांधीतले पाणी रातोरात वाहून जाते. रोवणीनंतर पाणी गेले तर धान वाळतो. म्हणून शेतकरी धुऱ्यांवरून फेरी घालतो आणि भोके चिखल-गवताने बुजवितो. त्याचा राग अगदीच निराधार नाही. तथापि खेकड्याच्या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कुजकी पाने, शेवाळ, किडे, गोगलगायी, मेलेले मासे, जे मिळेल ते तो खातो. त्यामुळे सडका पालापाचोळा बारीक होऊन पुन्हा मातीला मिळतो आणि पाणी स्वच्छ राहण्यास साहाय्य होते. त्याच्या बिळांतून जमिनीत हवा जाते. शिवाय तो स्वतः कित्येकांचे अन्न आहे. बगळे आणि मुंगूस यांना तो आवडतो. झाडीपट्टीतल्या कित्येक घरांत पावसाळ्याच्या दिवसांत त्याचा रस्साही शिजतो. म्हणजे बांधीत एक खेकडा कमी झाला, तर त्याचा हिशेब पुष्कळांच्या ताटात चुकतो.

आज हा हिशेब चुकण्याचे भय खरोखर निर्माण झाले आहे. खेकडा हा किड्यांचा दूरचा नातलग आहे. दोघांचेही पाय सांध्यांचे आणि सांगाडा बाहेरचा. त्यामुळे किडे मारण्यासाठी पिकावर फवारलेली पुष्कळशी औषधे पाण्यात उतरली की खेकड्यांनाही बाधतात. कात टाकून मऊ झालेल्या खेकड्याला आणि इवल्या पिलांना तर ती अधिकच बाधतात. तळी गाळाने भरतात, काठ मोडतात, ओढ्यांत घाण पाणी सोडले जाते. जगातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांची एक मोठी पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, सहा जातींपैकी सुमारे एक जात नाहीशी होण्याच्या धोक्यात आहे, आणि जवळजवळ निम्म्या जातींविषयी तर धोका आहे की नाही हे ठरविण्याइतकीही माहिती माणसाजवळ नाही. माचिद्याची तळी बुजली तेव्हा तेथील प्राणी एका मुलाच्या आठवणीत होते, म्हणून ते पडद्यावर तरी उतरले. जो प्राणी कोणी पाहिलाच नाही, तो आठवणीतही राहणार नाही आणि खेळातही येणार नाही.

खेळातील कोश भरण्याचा आनंद मोठा असतो. पण तसाच एक कोश खऱ्या सृष्टीचाही आहे, आणि तो अद्याप अपुरा आहे. दख्खनच्या पठारावर कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी प्राण्यांच्या नोंदी करीत असे. त्याने येथील जमिनीवर वावरणाऱ्या खेकड्यांचे वर्णन केले, आणि १८३६ साली वेस्टवुड या शास्त्रज्ञाने त्यांतील एका जातीला शास्त्रीय नाव दिले. त्या जातीचे आजचे नाव ‘बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस’ असे आहे. नावाच्या दुसऱ्या भागाचा अर्थ बीळ खणणारा, असा आहे. ही जात महाराष्ट्रात दूरवर पसरलेली आहे. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, २०१४ साली, पती आणि शर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतील खेकड्यांचे एक नवे कूळ वर्णिले. घाटावरून त्याचे नाव ‘घाटियाना’ असे ठेवले. तेव्हापासून सह्याद्रीत आणखीही नव्या जाती सापडत आल्या आहेत. जगात गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या तेराशेहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि भारतात शंभराहून अधिक. खेळाच्या पहिल्या कोशातील १५१ ही संख्या याच्यापुढे लहानच म्हटली पाहिजे.

या खऱ्या कोशात भर घालण्यासाठी प्राणी पकडून डब्यात कोंडण्याची गरज नसते. एक वही आणि थोडा धीर एवढे पुरते. पहिले बीळ कोणत्या पावसानंतर उघडले, तोंडाशी गोळ्या ताज्या आहेत की वाळलेल्या, खेकड्याची कोणती नांगी मोठी आहे, पोटाखाली पिले आहेत की नाहीत, कोणत्या बांधीत तो आहे आणि कोणत्या बांधीतून तो नाहीसा झाला, एवढ्या नोंदी वर्षानुवर्षे कोणी केल्या, तर त्यांचे मोल मोठे होईल. ताजिरीनेही लहानपणी असेच पाहिले होते. पडद्यावरचा खेळ पुढे झाला, पाहणे त्याच्या आधीचे होते.

बिळापाशी कोणी आले की खेकडा चटकन आत जातो. परंतु सावली न पाडता, पाय न आपटता, थोड्या अंतरावर बसून राहणाऱ्याला तो फार वेळ चुकवीत नाही. प्रथम काळोखातून दांड्यांवरचे दोन डोळे वर येतात. ते इकडे तिकडे पाहतात. मग मोठी नांगी बाहेर येते, तिच्यामागून ओल्या मातीची एक गोळी ढकलली जाते, आणि बांधीचा हा जुना रहिवासी आपल्या कामाला लागतो.